आत जाणारी गरम हवा

१

ओट्यावर पालथी घातलेली वाटी आपोआप घसरली आणि टणकन सिंकमध्ये पडली.

वसुधा जागच्या जागी थिजली. आतल्या खोलीत रेवा नुकतीच झोपली होती. चार वर्षांच्या पोरीला दुपारी झोपवणं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या त्या दोन खोल्यांत एवढीच काय ती शांतता वसुधाच्या वाट्याला यायची, आणि तेवढ्यात ऑफिसचं निम्मं काम उरकायचं असायचं. तिनं कान दिला. पांघरूण सळसळलं, एक सुस्कारा आला, मग पुन्हा चिडीचूप. हुश्श करून ती लॅपटॉपकडे वळली, तोच फोन थरथरला. यशवर्धन, तिच्या कंपनीचा मालक.

"वसुधाजी, बेटमा सकाळी परत बंद पडलं."

ती दबक्या आवाजात म्हणाली, "परत? दूध घेतानाच?"

"दूध घेतानाच तर! दारात कॅनची लाइन, अन् संगणकाची पेटी आपली गुडुप. वजनकाटा बंद, टाकीचा कंट्रोल बंद. लोकांचं दूध उन्हात फाटलं. भाऊसाहेब फोनवर असे बरसले, काय सांगू. म्हणे तुमच्या त्या पोरीनं येऊन काहीतरी बिघडवलं."

ती पोरगी म्हणजे कीर्ती. वसुधाच्या हाताखाली काम शिकलेली, नोकरीला वर्षही न झालेली. दिवाळीनंतर तीच बेटम्याला, भाऊसाहेब चालवत असलेल्या दूध शीतकरण केंद्रात जाऊन आली होती.

"मला तर क्लिअर आहे," यशवर्धन पुढे म्हणाला. "कीर्तीनं पेटी उघडली, आतल्या तापमानाच्या दोन वायरींची अदलाबदल झाली. संध्याकाळचं दूध यायच्या आत मी भाऊसाहेबांना लिहून पाठवतो, की तिची चूक होती अन् तिला काढलं. नाहीतर ते सगळं काँट्रॅक्ट तोडतील."

"तिला विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात?"

वसुधानं झोपलेल्या लेकीकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "संध्याकाळचं दूध येईपर्यंत थांबा. मी स्वतः जाते. कारण शोधून देते."

"नाही सापडलं तर?"

"तर तुम्हाला हवं ते लिहा. पण त्याआधी एक अक्षर नाही."

फोन ठेवून तिनं ते पान उघडलं. तिनंच घडवलेलं ते पान. बेटम्याच्या संगणकाच्या पेटीत पत्त्याएवढं एक कार्ड होतं. मोठा संगणक झोपला तरी ते जागं राहायचं, पेटीची तब्येत सांगणारं स्वतःचं छोटंसं वेबपान दाखवायचं, आणि दूर इंदूरात बसून पेटी चालू-बंद करू द्यायचं. त्यात तापमान बघायची सोय वसुधानं घातली होती. पेटीत तापमान जोखणारे दोन मणी होते. एक पुढच्या जाळीमागे, बाहेरची थंड हवा जिथून आत येते तिथं. दुसरा मागे, जिथून हवा तापून बाहेर पडते तिथं. आणि नियम साधा होता: आत येणारी हवाच पंचेचाळीस अंशांच्या वर गेली, तर खोलीत काहीतरी भयंकर घडलंय असं समजायचं, चाललेलं काम जपून ठेवायचं आणि पेटी बंद करायची. मे महिन्यात केंद्राचा एसी मेला तेव्हा याच नियमानं पेटी जळता जळता वाचली होती.

तिनं आकडे वाचले. डोळे चोळले. पुन्हा वाचले.

आत जाणारी हवा: छत्तीस अंश. बाहेर येणारी हवा: एकवीस.

पेटी हवा तापवत नव्हती. थंड करून बाहेर सोडत होती. आणि असं जगातली कुठलीच पेटी करत नाही.

२

"हॅलो ताई," कीर्तीचा आवाज आधीच रडवेला होता. "साहेबांनी तुम्हाला सांगितलं ना?"

कीर्ती महूची. आजोबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, वडील पोस्टात. घरातली इंजिनिअर झालेली पहिली मुलगी. इंदूरला बसनं येऊन-जाऊन नोकरी करायची आणि उशीर म्हणून कधी झाला नव्हता.

"हे बघ, मला फक्त जे झालं ते सांग. तिथं तू काय काय केलंस?"

"नवीन सॉफ्टवेअर चढवलं, बस. मध्येच नेट तुटलं तर कार्डच मरतं ना, म्हणून जागेवर जाऊन करायचं ठरलं होतं. मी पेटी उघडलीच नाही, ताई. सही में. वायरींचा तर प्रश्नच नाही."

"किती वेळ होतीस?"

"जरा जास्तच लागला. स्क्रीनवर ऊन येत होतं, अक्षरच दिसत नव्हतं. ओढणी डोक्यावर घेऊन काम केलं. पण चढवलं नीट, चेक पण केलं."

"कुणी सोबत होतं?"



"अर्पित होता. तिथला ऑपरेटर."

"आणि भाऊसाहेब?"

"होते." ती घाईघाईनं म्हणाली, "ताई, अजून काही विचारू नका ना. मी काही केलं नाही, एवढं खरं आहे."

फोन बंद झाला. दोन्ही मण्यांच्या वायरी उलट्या लागल्या तर आकडे नेमके असेच दिसणार, हे तिला कळत होतं. यशवर्धन मूर्ख नव्हता. शिवाय ही मुलगी काहीतरी लपवत होती, हे तर आंधळ्यालाही दिसलं असतं.

तिनं तेच सॉफ्टवेअर चालवणाऱ्या बाकीच्या ठिकाणांची पानं एकेक करून उघडली. सगळीकडे पुढे थंड, मागे गरम. म्हणजे तिच्या लिहिण्यात चूक नव्हती. जे काही होतं ते बेटम्याच्याच पेटीत होतं.

"आई, भूक," दारात रेवा उभी होती, केस उभे, एक मोजा गळालेला.

"चल," वसुधा म्हणाली. "गाडीत खाऊ. आपल्याला बेटम्याला जायचंय."

नवरा भोपाळला, शेजारच्या काकू लग्नाला. लेकीला घेऊन तपासाला जाणं कुठल्या पुस्तकात बसत नव्हतं, पण इलाज नव्हता. मूठभर पोहे डब्यात, पाण्याची बाटली, लॅपटॉप, स्क्रू काढायचा पेचकस, रेवाचा दुसरा मोजा. धार रोडला गाडी लागली तेव्हा वसुधाच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती: कीर्ती काय लपवतेय?

३

गजाननरावांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे. सत्तरीचे, ताठ, पांढऱ्याशुभ्र सदऱ्याची घडी मोडलेली नाही, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. वसुधाकडे पाहून त्यांनी भुवई चढवली, पण रेवा दिसताच चेहरा मऊ झाला.

"अगोबाई, ही कोण छकुली? ये, ये आत ये. पेढा खाणार?" रेवाचा हात धरून ते तिला थेट पेटीच्या खोलीत घेऊन गेले. वसुधा मागोमाग.

खोली म्हणजे शीतटाकीला लागून काढलेला कोनाडा. खिडकी नावाला नाही. एसी असा की अंगावर काटा यावा. आणि स्वच्छता इतकी की चप्पल घालून आल्याची वसुधाला लाज वाटली.

"आमचे पणजोबा होळकरांच्या पागेवर होते, बाई," भाऊसाहेब म्हणाले. "शिस्त रक्तात आहे. या खोलीत धूळ शोधून दाखवा, बक्षीस देतो. इंदूरवाल्यांना आपल्या सफाईचा मोठा टेंभा. म्हटलं, बेटमा काय कमी आहे?"

"खरंच लखलखीत आहे."

"आणि अशा ठिकाणी तुमची पेटी मला तोंडघशी पाडते! आज सकाळी माणसं कॅन घेऊन माझ्या तोंडावर थुंकायची बाकी होती. तीस वर्षांत या दारातून चांगलं दूध परत गेलं नव्हतं." राग खरा होता. दुःखही. "उन्हाळ्यात तुमच्या साहेबांनी स्वतः बसवली, दिवाळीपर्यंत तक्रार नाही. ती मुलगी येऊन गेली अन् हे सुरू झालं. मी काय समजायचं?"

फळीवर फिनेलच्या, ॲसिडच्या, साबणाच्या बाटल्यांची ओळ होती. रेवानं पेढ्याच्या बोटांनी त्यातली एक गर्रकन फिरवली. भाऊसाहेबांनी बोलता बोलताच ती परत वळवली, नाव पुढे, बरोबर सरळ, शेजारच्या बाटल्यांच्या ओळीत.

"पेटी कुणी उघडली होती का?" वसुधानं विचारलं.

"किल्ली माझ्या कमरेला असते," ते म्हणाले. "आता तुम्हीच समजा."

४

अर्पित बाहेर ओसरीवर चहा पीत बसला होता. पंचविशीचा, मानेवर मफलर, बोलायला पक्का.

"दीदी, खोटं कशाला बोलू? मला ते कार्ड आवडतच नाही," तो आपणहून म्हणाला. "मी पेटी चालू सोडून समोसे खायला गेलो तरी इंदूरला दिसतं. हे काय जगणं आहे?"

"म्हणून तू बिघडवलंस?"

"मी?" त्यानं मोठ्यानं हसून घेतलं. "दीदी, मला बिघडवता येत असतं तर मी तुमच्याकडे नोकरीला नसतो आलो? मला एकच काम येतं. बंद पडली की बटन दाबायचं. दाबलं की चालू. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पण तेच केलं, आज सकाळी पण तेच."



"काय म्हणालास? लक्ष्मीपूजनाला?"

"हो ना. संध्याकाळचं दूध चालू होतं अन् बंद पडली. सणाचा दिवस, भाऊसाहेब पूजेच्या गडबडीत. म्हटलं कशाला बोंब मारायची. दाबलं बटन. कोणाला सांगितलंच नाही."

"अर्पित, कीर्ती इथं कधी आली होती?"

"त्या तर भाऊबीज झाल्यावर आल्या ना." तो बोलता बोलता थबकला. त्याच्याही डोक्यात दिवा लागला असावा. "अरे बापरे."

पेटी आजारी पडली तेव्हा कीर्ती बेटम्यात नव्हतीच. वसुधाचं नवं सॉफ्टवेअरही अजून इंदूरातच होतं. दोघी सुटल्या. पण मग वायरी कुणी उलटवल्या?

ती तडक खोलीत परतली. पेटीसमोर उभी राहिली. पुढच्या जाळीच्या कडीला लक्ष्मीपूजनाची नाडाछडी बांधलेली होती. काट्याला, टाकीला, पेटीला, सगळ्या यंत्रांना एकेक. लाल-पिवळ्या धाग्याचं टोक मोकळं सुटलेलं होतं.

आणि ते टोक हवेत सरळ आडवं होऊन वसुधाकडे फडफडत होतं.

५

मग तिनं तळहात जाळीपुढे धरला. ऊबदार फुंकर. ती वळसा घालून मागे गेली. पर्समधला कागदी रुमाल मागच्या जाळीशी नेला आणि सोडला. रुमाल खाली पडला नाही. जाळीला चप्प चिकटून बसला.

"भाऊसाहेब," तिनं हाक मारली. "जरा येता? अर्पित, तू पण ये." आणि फोन स्पीकरवर लावून फळीवर ठेवला. "यशवर्धन, ऐकताय ना?"

"ऐकतोय. बोला."

"पेटीतले पंखे पुढून हवा आत ओढतात आणि मागून बाहेर टाकतात. बरोबर?"

"बरोबर."

"मग पुढच्या जाळीला बांधलेला हा पूजेचा धागा जाळीला चिकटून राहायला हवा. तो बाहेर उडतोय. मागे कागद चिकटून बसलाय. वायरी अदलाबदल झाल्या असत्या तर आकडे उलटे दिसले असते, पण वारा सरळच असता. घरी बसून दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून आपण फसलो. वायरी जागच्या जागी आहेत. मणी खरं बोलतायत. उलटा झालाय तो वारा. थंड हवा मागून शिरते, आत तापते आणि पुढून बाहेर पडते. पुढचा मणी तिला आत येणारी हवा समजतो. दूध यायला लागलं की संगणकाला काम वाढतं, हवा आणखी तापते, पंचेचाळीस ओलांडते, आणि पेटी स्वतःला बंद करते. म्हणून ती फक्त दूध घेतानाच मरते."

फोनमधून बारीकशी शिट्टी ऐकू आली.

"म्हणजे पंखे उलटे बसलेत," यशवर्धन म्हणाला. "पण मी तर नीट लावले होते. उन्हाळाभर चाललं पण."

"हो. ते नंतर कुणीतरी काढले आणि परत लावले. किल्ली ज्याच्याकडे असते अशा कुणीतरी. भाऊसाहेब, जरा पुढची जाळी उघडता?"

भाऊसाहेबांनी किल्ली लावली. आत तीन पंखे एका ओळीत बसलेले होते. तिन्हींच्या मधोमध कंपनीचं नाव होतं, पुढच्या बाजूला, वाचता येईल असं. एकाचंही अक्षर तिरकं नाही.

"पंख्याचं नाव ज्या बाजूला असतं, त्या बाजूनं वारा बाहेर पडतो," वसुधा सावकाश म्हणाली. "म्हणून आम्ही नाव आतल्या बाजूला ठेवतो. ज्याला वाकडं करायचं होतं त्यानं एखादा पंखा फिरवला असता, वायर ओढली असती. पण तिन्ही नावं पुढे, एका पातळीत, इतक्या निगुतीनं..." तिनं फळीवरच्या बाटल्यांकडे बघितलं, आणि पुढचं बोलली नाही.

अर्पितनंही फळीकडे बघितलं आणि चटकन मान खाली घातली.



"धनत्रयोदशीला," भाऊसाहेब म्हणाले. "यंत्रांची पूजा करायची तर ती मळकी कशी ठेवायची? पात्यांवर काळं किटण चढलं होतं. मी स्वतः काढले. ब्रशनं धुतले, पंचावर उन्हात वाळवले. लावताना बघतो तर पूर्वीच्या खुणांप्रमाणे नाव आत, पाठ बाहेर. मला वाटलं, तुमच्या लोकांनी बेशिस्तीनं लावलेत. म्हटलं, नीट करू."

"वा रे नीट," यशवर्धन पुटपुटला, आणि पुटपुटणं ऐकू गेलं हे कळून लगेच म्हणाला, "म्हणजे भाऊसाहेब, काही नाही, होतं असं. वसुधाजी, आपण रिपोर्टमध्ये 'तांत्रिक कारण' टाकून देऊ. कोणाचं नाव नको, काही नको. बात खतम."

"नाही," वसुधा म्हणाली.

६

तिचा आवाज चढला नव्हता. पण पेढा खाणाऱ्या रेवानंही वर पाहिलं.

"सकाळी तुम्ही एक नाव घेतलंत, यशवर्धन. भाऊसाहेबांनीही घेतलं. ते नाव घेताना कुणाला 'तांत्रिक कारण' आठवलं नाही. आता ते जितक्या मोठ्यानं घेतलं तितक्याच मोठ्यानं मागे घ्यायचं. लिहून."

"अहो पण आता तिच्यावर कोण काही म्हणतंय?"

"रिपोर्टमध्ये कारण नसेल तर उद्या सगळे म्हणतील, पोरीचं झाकलं." ती भाऊसाहेबांकडे वळली. "आणि अजून एक. कीर्तीनं पेटीला हात लावला असं तुम्ही म्हणालात. ती मला म्हणाली, स्क्रीनवर ऊन येत होतं. या खोलीत ऊन येतं कुठून?"

अर्पितनं घसा खाकरला.

"त्या आत आल्याच नव्हत्या, दीदी," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "भाऊसाहेबांनी पूर्ण नाव विचारलं, आडनाव पुन्हा विचारलं, गाव विचारलं. मग म्हणाले, खुर्ची इथंच टाक ओसरीवर. मी आतून लांब वायर आणून दिली. त्यांनी पायरीपाशी बसून केलं सगळं."

कीर्ती हे लपवत होती. तिला निर्दोष ठरवणारी एकुलती एक गोष्ट, आणि ती तोंडातून काढण्यापेक्षा नोकरी गेलेली तिला परवडली असती.

"तुम्हाला पक्कं माहीत होतं, ती पेटीजवळ गेली नाही ते," वसुधा म्हणाली. "तुम्हीच जाऊ दिलं नाहीत."

भाऊसाहेबांनी हातातलं घड्याळ काढून खिशात ठेवलं, बाह्या दुमडल्या, तिच्याकडून पेचकस मागून घेतला. पेटी बंद करून तिन्ही पंखे त्यांनी स्वतः फिरवले, एकेक स्क्रू बोटांनी चाचपत. नावं आत गेली. पुढे पंख्यांच्या उघड्या पाठी आल्या. पेटी चालू होताच नाडाछडीचं टोक जाळीला जाऊन चिकटलं, आणि वसुधाच्या लॅपटॉपवर पुढचा आकडा उतरत उतरत एकवीसवर येऊन थांबला.

बाहेर पहिल्या मोटरसायकली लागल्या होत्या. कॅन उतरले, काटा बोलू लागला. माणसं वाढली, काम वाढलं. मागचा आकडा चढला, पुढचा जागचा हलला नाही. शेवटचा कॅन रिकामा होईपर्यंत वसुधा पानावरून नजर न काढता उभी होती.

"तुमच्या साहेबांना मी सांगतो," भाऊसाहेब निघताना म्हणाले. "पंखे मी उलटे लावले. लिहून देतो, सही करतो."

"आणि कीर्तीला?"

त्यांनी रेवाच्या हातात पेढ्यांची पुडी दिली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "सांभाळून जा," म्हणाले, आणि आत वळले.

गाडीत बसल्यावर वसुधानं आधी कीर्तीला फोन लावला, स्पीकरवर. जे झालं ते सांगितलं. नोकरी कुठं जात नाही, कारण लिहून येतंय, सहीसकट.

"ताई," कीर्ती म्हणाली, "मी बाहेर बसले होते, हे पण कळलं का तुम्हाला?"

"हो ग."

"साहेबांना?"

"फोनवर होते. ऐकलं त्यांनी."

"ते नको होतं कळायला." ती पुढे म्हणाली, "घरी पण नाही सांगितलं मी. आजोबा पेटून उठतील रागानं. जाऊ दे. थँक यू, ताई. खरंच. सोमवारी येते मी."

फोन बंद झाला. वसुधानं किल्ली फिरवली, पण गाडी गिअरमध्ये टाकली नाही. मागच्या सीटवर रेवा पुडीवरचा दोरा सोडत होती. सोडता सोडता थांबली.

"आई, मला तर पेढेवाल्या आजोबांनी हात धरून आत नेलं. मग कीर्तीमावशीला का नाही नेलं?"